तुझ्याच अक्षरावरून

आदल्या संध्याकाळी घरातलं सगळ्यात धाकटं मूल स्कार्लेट फीवरनं गेलं होतं. मोठी मुलगी हेन्रिएटा घशाच्या आजारानं अंथरुणाला खिळलेली. अशा घरातून २९ जून १८५८च्या रात्री चार्ल्स डार्विननं वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकरला कागदांचं एक पुडकं पाठवलं. त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाचा लेख होता, अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला आदल्या वर्षी लिहिलेल्या पत्रातला मजकूर होता आणि १८४४ साली लिहून ठेवलेला एक जुना मसुदा होता. हा मसुदा कशासाठी पाठवतोय तेही त्यानं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं: तू तो खरंच वाचला होतास, हे तुझ्याच अक्षरावरून तुला दिसावं, एवढ्यासाठीच.

हूकरनं तो मसुदा वाचताना कडेला टिपणं केली होती. अकरा वर्षांपूर्वी एका मित्रानं दुसऱ्याच्या कच्च्या लिखाणावर सहज केलेल्या त्या खुणा आता साक्षीपुरावा झाल्या. कारण वॉलेसच्या लेखात प्रजाती नैसर्गिक निवडीतून बदलत जातात ही तीच कल्पना होती, जी डार्विन वीस वर्षं उराशी बाळगून बसला होता. ही कल्पना आधी कुणाला सुचली हा प्रश्न उभा राहिला होता आणि मूल गमावलेल्या डार्विनला त्या प्रश्नाकडे बघवतही नव्हतं. हूकर आणि भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी मार्ग काढला. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या गेल्या: १८४४च्या मसुद्यातला भाग, ५ सप्टेंबर १८५७ला ग्रेला पाठवलेल्या पत्रातला मजकूर आणि वॉलेसचा लेख. वॉलेस तेव्हा दूर पूर्वेच्या बेटांवर होता, डार्विन घरी होता.

म्हणजे नैसर्गिक निवडीची कल्पना पहिल्यांदा चारचौघांत मांडली गेली, तेव्हा तिचा एक पाय एका खाजगी पत्रावर उभा होता. आणि ज्याला ते पत्र लिहिलं तो ग्रे, ज्यानं मसुद्यावर टिपणं केली तो हूकर, हे दोघंही झाडाझुडपांतले लोक. डार्विन म्हटलं की आपल्याला गालापागोसच्या फिंच आठवतात, नाहीतर माकडं. पत्रं वाचायला घेतली की मात्र दिसतात बिया, नेचे, ऑर्किड, प्रिम्रोझ. केंब्रिजच्या प्रकल्पानं त्याचा पत्रव्यवहार तीस खंडांत छापला आहे, साधारण पंधरा हजार पत्रं, आणि ती ऑनलाइन कुणालाही वाचता येतात. मी ती क्रमानं वाचत नाही. हूकरचं नाव शोधते आणि तिथून वाट फुटेल तिकडे जाते. इतक्या वाचनानंतर माझं एक ठाम मत झालं आहे: मनातली अर्धवट गोष्ट दाखवावी असा माणूस भेटणं, आणि त्यानं ती मान्य न करताही तिच्यासाठी वेळ देणं, ही डार्विनला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट होती. बीगल जहाजावरच्या प्रवासापेक्षाही मोठी.

हूकर त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. वैद्यकीच्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास चालू असताना डार्विनच्या प्रवासवर्णनाची मुद्रितं त्याच्या हाती आली होती. ती तो उशाखाली घेऊन झोपायचा, सकाळी उठल्याबरोबर वाचता यावीत म्हणून. १८३९ ते १८४३ तो ‘एरेबस’ जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात हिंडला. परतल्यावर डार्विननं गालापागोसमधल्या आपल्या वाळवलेल्या वनस्पती त्याच्याकडे सोपवल्या. आणि ११ जानेवारी १८४४ला, ओळख अजून नवी असताना, त्याला ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं: प्रजाती अचल नाहीत अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे, आणि हे सांगणं म्हणजे खुनाची कबुली दिल्यासारखं वाटतं.

हे वाक्य सगळीकडे उद्धृत होतं. मला त्याच्याइतकंच मोलाचं वाटतं ते २९ जानेवारीचं हूकरचं उत्तर. सव्वीस वर्षांचा मुलगा लिहितो की प्रजाती हळूहळू बदलत गेल्या असणं आपल्या मते शक्य आहे. तो बदल कसा झाला असेल याबद्दलचा तुमचा विचार ऐकायला आवडेल, कारण आजवर मांडलेल्या मतांपैकी एकही मला पटलेलं नाही. तो बिचकला नाही, भारावून गेला नाही, लगेच बाजूनेही झाला नाही. त्या उत्तरातून फक्त एक दार उघडं राहिलं. ते बंद झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो.

पुढच्या वर्षी याच हूकरनं एका फ्रेंच लेखकाबद्दल लिहिताना म्हटलं, की ज्यानं स्वतः पुष्कळ प्रजातींचं बारकाईनं वर्णन केलेलं नाही त्याला प्रजातींच्या प्रश्नावर बोलण्याचा फारसा अधिकार नाही. हा टोला डार्विनला नव्हता, पण लागला त्यालाच. तुमचं म्हणणं मला फार जिव्हारी लागावं इतकं खरं आहे, असं त्यानं उलट टपाली कळवलं. १८४६ ते १८५४ ही आठ वर्षं त्यानं समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या जिवांचं वर्गीकरण करण्यात घालवली. त्यामागे आणखीही कारणं होती, पण हे वाक्य त्यांत होतंच असं मी धरून चालते.

आणि मग १८५५. या दोघांच्या पत्रव्यवहारातलं माझं सगळ्यात आवडतं वर्ष.

वाद असा होता. हूकरनं दक्षिणेकडच्या बेटांवर हिंडताना पाहिलं होतं की हजारो मैलांचा समुद्र मध्ये असलेल्या भूमींवर सारख्याच किंवा जवळच्या नात्यातल्या वनस्पती वाढतात. त्या तिथे पोचल्या कशा? एक उत्तर असं की पूर्वी तिथे जमीन सलग होती आणि नंतर मधला भाग बुडाला. हूकर त्या बाजूला झुकलेला. डार्विनला ही सोय पटत नव्हती. एखाद्या वनस्पतीचा प्रवास समजावण्यासाठी दर वेळी समुद्रातून एक खंड वर काढायचा आणि पुन्हा बुडवायचा? त्यापेक्षा बिया पाण्यावरून वाहत गेल्या असतील तर? पण खाऱ्या पाण्यात बी जगतं तरी का, हे कुणीच नीट तपासलं नव्हतं.

त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. लहान बाटल्यांत मीठपाणी, त्यात आळीव, मुळा, कोबी, लेट्युस, गाजर, सेलरी, कांदा असं काय काय. काही बाटल्या बाहेर उघड्यावर, काही बिया तळघरात बर्फ वितळवलेल्या पाण्याच्या टाकीत. ठरावीक दिवसांनी थोड्या बिया काढायच्या, मातीत पेरायच्या आणि बघत बसायचं. कोबी आणि कांद्याच्या पाण्याला असा वास सुटला की घरादाराला कळावं. मुलं रोज उत्सुकतेनं विचारायची, “बाबा, तुम्ही डॉ. हूकरना हरवणार का?” ही गोष्ट डार्विन ज्याला हरवायचं त्यालाच पत्रातून कळवतो! हे वाचताना मला त्या घराचा हेवा वाटतो. मतभेद इतका उघडा आणि इतका निर्मळ, की पोरांनाही त्यात बाजू घेता यावी.

बिया रुजल्या. पुढे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात डार्विननं आकडा दिला तो असा: ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस मीठपाण्यात राहूनही उगवल्या, आणि काही थोड्या तर १३७ दिवसांनंतरही. डार्विन जिंकला असं वाटेपर्यंत नवी अडचण आली. बिया जगतात खऱ्या, पण तरंगतात कुठे? ताज्या बिया बहुतेक बुडतात. बुडणार असतील तर या कृतघ्न लबाडांना खारवण्यात मी उगाच एवढी मेहनत घेतली, असं तो त्रासून लिहितो. मग फळांसकट, फांद्यांसकट वाळवलेल्या वनस्पती घेऊन तरंगण्याचा प्रयोग. ९४ पैकी १८ वनस्पती २८ दिवसांहून जास्त तरंगल्या. अटलांटिकच्या प्रवाहाचा सरासरी वेग दिवसाला ३३ मैल धरला, तर दर शंभरातल्या चौदा प्रकारच्या वनस्पतींच्या बिया ९२४ मैल वाहून जाऊन परक्या किनाऱ्यावर रुजू शकतात, असा हिशेब त्यानं मांडला.

त्याच दिवसांतल्या एका पत्रात मासे आहेत. प्राणिसंग्रहालयातल्या माशांना त्यानं भिजवलेल्या बिया खायला घातल्या. मनातल्या मनात तो पुढे जाऊन पोचलेला: मासा बगळ्यानं गिळला, बगळा शंभर मैल उडाला, दुसऱ्याच तळ्याच्या काठी विष्ठेतून बी पडलं आणि काय झकास रुजलं! तेवढ्यात माशांनी सगळ्या बिया तोंडातून फुर्रकन बाहेर थुंकल्या, त्याच्या स्वतःच्या वैतागाइतक्याच वैतागानं. अपेक्षाभंग इतक्या मोकळेपणानं कळवता येतो तो फक्त अशाच माणसाला, जो त्या फजितीचं भांडवल करणार नाही.

या बियांच्या मागे कितीतरी हात होते. डार्विनचे गुरू हेन्स्लो हिचम गावचे पाद्री. त्यांच्या गावातल्या लहान मुली थोड्याशा पैशांवर डार्विनसाठी रानातल्या बिया गोळा करायच्या. त्यानं स्वतः एका तळ्याकाठचा तीन चमचे चिखल आणून अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटून मोजत राहिला. सहा महिन्यांत ५३७ रोपं! पाणपक्ष्यांच्या पायांना लागून काय काय जात असेल, याचा अंदाज त्यातून आला. हूकरचं मत लगेच बदललं नाही. ते हळूहळू वळत गेलं, आणि १८६६ मध्ये नॉटिंगहॅमला बेटांवरच्या वनस्पतींवर व्याख्यान देताना त्यानं दोन्ही बाजू तोलून मांडल्या तेव्हा डार्विनच्या बाजूचं पारडं जड झालं होतं. अकरा वर्षं लागली. मला ही अकरा वर्षं फार सुंदर वाटतात.

‘प्रजाती’ म्हणजे नेमकं काय, यावर मात्र त्यांच्यात शेवटचा शब्द कधी झालाच नाही. १८५६च्या डिसेंबरात डार्विन हूकरला लिहितो, की निरनिराळ्या निसर्गअभ्यासकांच्या मनात या शब्दाचे किती वेगवेगळे अर्थ आहेत हे पाहून हसू येतं. ज्याची व्याख्या होऊ शकत नाही त्याची व्याख्या करू पाहण्यातून हे होतं. पुढच्या वर्षीच्या पत्रात तो म्हणतो की केस चिरत जाणारे, म्हणजे बारीक फरकावरून वेगळी प्रजाती मानणारे, आणि सगळं एकत्र करणारे असे दोन्ही प्रकारचे अभ्यासक असणं चांगलंच. हूकर पक्का एकत्र करणारा.

हा वाद मला पुस्तकी वाटत नाही, कारण तो शिवनेरीच्या कड्यावर अजून चालू आहे. जुन्नर परिसरातली मांसल पानांची, काळपट लाल फुलावर पिवळी नक्षी असलेली शिंदळ माकुडी. शिवसुमन म्हणूनही आपण तिला ओळखतो. निकोलस डाल्झेल यांनी १८६५ मध्ये लिनियन सोसायटीच्याच नियतकालिकात तिचं वर्णन केलं आणि तिच्यासाठी ‘फ्रेरिया’ हा वेगळा जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) उभा केला, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून. जवळची भावंडं बिनपानांची आणि हिला पानं, एवढा फरक डोळ्यांत भरणारा होता. नंतरच्या काळात अभ्यासकांनी तिला आधी ‘कॅरालुमा’त आणि मग ‘बोसेरोशिया’त नेऊन बसवलं. काही जण अजूनही फ्रेरियाच म्हणतात. सह्याद्रीत फुलं बघत फिरणाऱ्या आमच्या मंडळींत तिचा फोटो आला की नावावरून चर्चा पेटते, आणि तेव्हा मला डार्विनचं ते डिसेंबरातलं पत्र हटकून आठवतं.

डार्विन आणि हूकर फक्त बियांबद्दल लिहायचे असं नाही. ‘ओरिजिन’चं हस्तलिखित हूकरकडे वाचायला गेलं असताना त्यातलं भौगोलिक प्रसाराचं प्रकरण चुकून अशा खणात गेलं, जिथे हूकरची बायको मुलांसाठी चित्रं काढायचे कागद ठेवायची. जवळजवळ पाव भाग मुलांनी संपवला. आणि २८ सप्टेंबर १८६३ला हूकरची सहा वर्षांची मुलगी मारिया गेली, तेव्हा तासाभराच्या आत त्यानं डार्विनला लिहिलं की या दुःखात इतर कुणाहीपेक्षा मला तुझीच आठवण येते आहे. डार्विनची दहा वर्षांची अ‍ॅनी १८५१ मध्ये गेली होती. त्या पत्राबद्दल मी यापुढे काही लिहू शकत नाही.

पत्रांशी डार्विन वागायचा कसा, तेही सांगायला हवं. १८६० च्या आसपासपर्यंत तो पत्रं एका अणकुचीदार सळीला टोचून ठेवायचा आणि सळ्या भरल्या की कित्येक वर्षांची पत्रं जाळून टाकायचा. कामाच्या पत्रांना तर तो कात्री लावायचा: एका परिच्छेदात ऑर्किड, दुसऱ्यात कबुतरं असतील तर तुकडे करून ज्या त्या विषयाच्या फाइलीत. म्हणून आज अनेक पत्रं अर्धी आहेत. अभ्यासक हळहळतात, मलाही हळहळ वाटते. पण त्याच्यासाठी पत्र हा जपून ठेवायचा ठेवा नव्हता, ते रोजच्या कामाचं सामान होतं.

आतापर्यंत जे लिहिलं त्याच्यावरून टपालाच्या या जगात सगळे समान होते असं वाटेल. तसं नव्हतं. न्यूझीलंडमधले विल्यम कोलेन्सो वर्षानुवर्षं हूकरला नमुने पाठवायचे, त्यांना नावंही द्यायचे. हूकरनं त्यांना कळवलं की तुमच्याजवळ वनस्पतिसंग्रह नसल्यामुळे जगातल्या अगदी सुपरिचित नेच्यांचंही तुम्ही नवे म्हणून वर्णन केलं आहे. शास्त्र म्हणून हूकरचं बरोबर असेल. पण कोणत्या झाडाला नाव द्यायचं हे लंडनजवळच्या क्यूच्या वनस्पती उद्यानात बसून ठरणार, जिथे ते झाड उगवतं तिथे नाही, हा नियम त्या वाक्यात स्पष्ट ऐकू येतो. आपल्याकडे दापोडीच्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन अधीक्षक असताना, १८४७ ते १८५०च्या दरम्यान, एका भारतीय चित्रकारानं वनस्पतींची अप्रतिम चित्रं काढली. ती आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानात आहेत. गिब्सनचं नाव १८६१च्या ‘बॉम्बे फ्लोरा’वर डाल्झेलच्या शेजारी छापलं गेलं. चित्रकाराचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

त्याच एडिनबर्गच्या उद्यानात जॉन स्कॉट नावाचा माळी होता. १८६२च्या नोव्हेंबरात त्यानं डार्विनला पत्र लिहिलं. डार्विनचं ऑर्किडवरचं पुस्तक त्याच वर्षी आलं होतं, आणि त्यात अ‍ॅक्रोपेरा नावाच्या ऑर्किडबद्दल जे म्हटलं होतं ते चूक आहे असं या माळ्यानं नम्रपणे कळवलं. कोण कुठला माळी म्हणून डार्विननं ते बाजूला ठेवलं नाही. तुम्ही दिलेल्या माहितीनं मी थक्क झालो आणि थोडा घाबरलोही, असं लिहून मनापासून आभार मानले. मग दोघांत प्रश्नोत्तरं सुरू झाली. प्रिम्युलाच्या, म्हणजे प्रिम्रोझच्या, फुलांतल्या आखूड आणि लांब केसरांची जुळणी, कुणाचा परागकण कुणावर चालतो, संकरातून आलेलं बी किती भरतं. स्कॉट हे सगळं बागेतलं काम सांभाळून करायचा. त्याचा प्रिम्युलावरचा निबंध लिनियन सोसायटीत वाचला जावा म्हणून डार्विननंच खटपट केली.

पण बागेत त्याचं वरिष्ठांशी पटेना आणि १८६४ मध्ये त्यानं ती नोकरी सोडली. डार्विन हूकरला पुनःपुन्हा लिहीत राहिला की हा माणूस विलक्षण आहे, याला कुठेतरी जागा मिळवून दे. हूकरचा या बाबतीतला उत्साह कमीच होता. मला हूकर फार आवडतो, म्हणूनच ही पत्रं वाचताना जास्त त्रास होतो. डार्विनच्या कल्पनेला जागा देणारा हा माणूस, हातात खुरपं घेऊन तीच कल्पना तपासणाऱ्याकडे त्याच डोळ्यांनी का बघू शकला नाही? क्यूचे संचालक सर विल्यम हूकर यांच्या या मुलाला क्यूचं दार वडिलांमुळे उघडं होतं. स्कॉटला पोस्टाच्या पेटीपलीकडचं दार मिळालं ते थेट कलकत्त्यात. डार्विननं बोटीच्या भाड्याचे पैसे दिले आणि स्कॉट हुगळीकाठच्या वनस्पती उद्यानात क्युरेटर झाला.

तिथून तो लिहीत राहिला. व्हर्बास्कम या फुलझाडाच्या संकरांवरचं त्याचं काम बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. माणसं राग, लाज, होकार, नकार चेहऱ्यानं कसे दाखवतात याबद्दल डार्विननं जगभर प्रश्नावली पाठवली, तेव्हा स्कॉटनं उद्यानात काम करणाऱ्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांचं निरीक्षण करून उत्तरं दिली. ती त्याच विषयावरच्या १८७२च्या पुस्तकात आहेत. मग डार्विनला गांडुळांनी झपाटलं. बंगालच्या दमट उष्ण हवेत ती किती माती वर आणतात, जंगलात आणतात का, उघड्या माळावर आणतात का, असे प्रश्न कलकत्त्याला गेले, आणि स्कॉटनं पावसाळी जमिनीवर वाकून तेही पाहिलं.

१८८० मध्ये स्कॉट वारला. गांडुळांवरचं पुस्तक १८८१ मध्ये निघालं, डार्विनचं शेवटचं. त्यात बंगालच्या गांडुळांची माहिती येते तिथे डार्विननं ती कुणी पाठवली ते लिहिलं आहे: कलकत्त्याजवळच्या वनस्पती उद्यानातले कै. जॉन स्कॉट, त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ निरीक्षणं केली.